दारात कण्हेर हवी

वैशाखातही अंगणात फूल दिसावं असं ज्यांना वाटतं, त्या सोलापूरकरांनी दारात कण्हेर लावावी. मोगरा लावावा, जास्वंद लावावी, हौस असेल तर गुलाबही लावावा, पण आधी कण्हेर. भेटेल त्याला मी हे सांगत असते. लोक ऐकून घेतात, आणि ‘हायवेचं झाड घरात कशाला?’ म्हणून सोडून देतात.

हायवेचं झाड हे खरंच. पुण्याकडे जा नाहीतर हैदराबादकडे, दुभाजकात गुलाबी-पांढरी कण्हेर उभी असते. टँकरचं पाणी मिळालं तर मिळालं. दोन्ही बाजूंनी ट्रकचा धूर, खाली मुरूम आणि डांबराची धग. तरी फुललेली. एवढ्यावर फुलणाऱ्या झाडाची आपल्याला किंमत वाटत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पुण्याहून त्याच रस्त्यानं परत येताना उरुळी कांचनच्या आसपास नर्सऱ्यांची रांग लागते. तिथं गाडी थांबते आणि डिकीत हायड्रेंजिया, अझेलिया असलं काहीबाही भरून सोलापुरात येतं. थंडी आहे तोवर ती रोपं छान दिसतात. मार्च सरता सरता पानांच्या कडा करपायला लागतात आणि पारा ४२च्या पुढं गेला की कुंडीत नुसत्या काड्या उरतात. थंड हवेची झाडं ती. त्यांना इथं आणणं हा त्यांच्यावर अन्यायच आहे.

जास्वंदीचं दुखणं निराळं. आमच्या जुळे सोलापूरच्या भागात वर काळी माती आणि खाली मुरूम, आणि मातीत चुनखडीचे खडे. बोअरचं पाणी इतकं जड की बादलीला आतून पांढरा थर धरतो. अशा मातीत लोह असतं, पण मुळांना ते उचलता येत नाही. मग जास्वंदीची नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. खत कमी पडलं म्हणून लोक युरिया टाकतात. दुखणं नत्राचं नसतंच, त्यामुळं गुण येत नाही. वर पिठ्या ढेकूण ही कीड आहेच. जास्वंद मला आवडते, माझ्या दारातही आहे, पण इथं तिची बारमाही सेवा करावी लागते.

कण्हेरीला चुनखडी चालते, खारवट पाणी चालतं, काळी मातीही चालते. याचं कारण तिच्या मूळच्या राहणीत आहे. भूमध्य समुद्राच्या काठापासून आपल्या आशियापर्यंत ती रानात उगवते ती ओढ्यानाल्यांच्या पात्रात. पावसात पात्र भरून वाहतं, मग आठ-आठ महिने कोरडं ठणठणीत पडतं. दोन्ही सोसायची तिला सवय. आमच्याकडे वेगळं काय असतं? भाद्रपदात पाऊस लागला की काळ्या मातीचा आठवडाभर चिखल, आणि चैत्रात त्याच जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा.

मी शाळेत जीवशास्त्र शिकवायचे. त्याआधी बी.एस्सी.ला असताना वनस्पतिशास्त्राच्या प्रॅक्टिकलला कण्हेरीचं पान ठरलेलं असायचं. बटाट्याच्या फोडीला चीर देऊन त्यात पानाचा तुकडा धरायचा, ओल्या ब्लेडने कापच काप घ्यायचे आणि बशीतल्या पाण्यात सोडायचे. त्यातला सगळ्यात पातळ काप ब्रशने उचलून सॅफ्रनिनमध्ये रंगवायचा आणि काचपट्टीवर ठेवायचा. सूक्ष्मदर्शकातून पहिल्यांदा तो काप नीट दिसला तेव्हा मी बराच वेळ बाजूला झाले नव्हते. मागं उभ्या मैत्रिणी कुरकुर करायला लागल्या होत्या. पानाच्या वरच्या अंगाला मेणचट जाड थर, त्याखाली पेशींचे एकावर एक पदर. इतर पानांना असा पदर बहुधा एकच असतो. आणि खालच्या अंगाला जागोजाग खोल खळगे. पर्णरंध्रं, म्हणजे ज्यांतून पान हवा घेतं आणि वाफ सोडतं ती छिद्रं, पानाच्या पृष्ठभागावर उघडी नसतात, ती या खळग्यांच्या आत असतात आणि खळग्यात बारीक केसांची दाटी असते. उन्हाळ्यात खिडकीला आपण वाळ्याचा पडदा लावतो, तसं ते झाडाचं. बाहेर गरम वारं सुटलेलं असलं तरी खळग्यातली हवा जागच्या जागी राहते, ओल धरून ठेवते, आणि झाड आतलं पाणी जपून वापरतं. भिंग असेल तर पान उलटं करून बघा, खळग्यांचे फिकट ठिपके ओळीनं दिसतात. शाळेत मुलांना मी हे दाखवायचे तेव्हा कुणीतरी हमखास म्हणायचं, ‘बाई, हे सोलापूरसाठीच केलंय की!’

दर ६ ऑगस्टला वर्गात हिरोशिमाचा विषय निघायचा तेव्हाही मी कण्हेर आणायचेच. १९४५ साली तिथं अणुबाँब पडला आणि आता इथं वर्षानुवर्षं काही उगवणार नाही असं बोललं जात होतं. त्या राखेत जी झाडं लवकर फुलली त्यांत कण्हेर होती. आज ती त्या शहराचं अधिकृत फूल आहे.

आता लागवडीचं. नर्सरीत नुसतं ‘कण्हेर द्या’ म्हणू नये, उंच की बुटकी ते विचारावं. बुटकी जात तीन-चार फुटांवर थांबते, ती गच्चीवर मोठ्या कुंडीत किंवा फ्लॅटच्या गॅलरीत ठेवता येते. उंच जात आठ-दहा फूट सहज जाते आणि घेरही तेवढाच धरते. ती फाटकापासून पाच-सहा फूट आत लावावी, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याच्या अंगावर फांद्या येत नाहीत. दीड-दोन फुटांचा खड्डा, निघालेल्या मातीत थोडा मुरूम आणि पाटीभर कुजलेलं शेणखत. बास. खताची फार माया करू नये, जास्त खतानं ती पानंच पानं काढते. तिला खरं हवं असतं ते ऊन. सावलीत लावलेली कण्हेर काठीसारखी वर वर जाते आणि फुलं देत नाही. ‘आमच्या कण्हेरीला फुलं का येत नाहीत?’ असं विचारत जे येतात, त्यांच्या घरी जाऊन बघावं तर झाड आंब्याखाली नाहीतर दोन इमारतींच्या बोळात असतं.

पाण्याचं म्हणाल तर आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं. पहिल्या उन्हाळ्यात रोपाला आठवड्यातून दोनदा बादलीभर, बुंध्यापासून हातभर लांब आळं करून, मुरेल असं सावकाश. रोज तांब्याभर शिंपडू नये, त्यानं मुळं वरवरच राहतात. दुसऱ्या वर्षापासून आठवड्याला एक बादली पुरते. आरओच्या नळीतून जे पाणी वाया जातं ते क्षारांचं असतं, बाकीच्या झाडांना मी ते घालत नाही, कण्हेरीला घालते. ती कुरकुर करत नाही.

आणि छाटणी. इथं मात्र लोकांचा जीव होत नाही. हिरव्यागार झाडाला कात्री कशी लावायची? पण कण्हेरीचा फुलोरा येतो तो नव्या फुटीच्या शेंड्याला. तिची पानं तीन-तीनच्या फेऱ्यात येतात. फेऱ्याच्या वर शेंडा उडवला की पानांच्या बेचक्यांतून नवे कोंब निघतात, बऱ्याचदा तीन. एका शेंड्याचे तीन शेंडे, म्हणजे एका फुलोऱ्याचे तीन फुलोरे. न छाटलेली कण्हेर वर जात राहते, खाली नुसते उघडे सोट, आणि फुलं एवढ्या उंचावर की खालून दिसतही नाहीत.

माझी छाटणी गड्ड्यावर, म्हणजे सोलापूरच्या जत्रेवर, बांधलेली आहे. संक्रांतीला सिद्धेश्वरांची यात्रा, तेरा जानेवारीला यण्णीमज्जन म्हणजे लिंगांना तेलाचा अभिषेक, चौदाला अक्षता म्हणजे सिद्धेश्वरांचं प्रतीकात्मक लग्न, सातही नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, मिरवले जातात, होम मैदानावर पाळण्यांची गर्दी. नातवाचा गड्डा फिरून झाला आणि थंडी ओसरायला लागली की मी कात्री काढते. झाडाचा साधारण तिसरा हिस्सा काढायचा. जुने, जाड, आतल्या आत घासणारे सोट बुडातून कापायचे म्हणजे मध्ये ऊन-वारा खेळतो. बुंध्याशी फुटणारी पोरं उपटून टाकायची. आठ-पंधरा दिवस झाड केविलवाणं दिसतं खरं. मग लालसर-हिरवे कोंब डोकावतात आणि होळीच्या सुमारास पहिला घोस येतो. तिथून पुढं पावसाळा संपेपर्यंत बघायला नको. उन्हाळ्याचे चार महिने आमच्या गल्लीत रंग म्हणून जो काही असतो तो कण्हेरीचा आणि बोगनवेलीचा.

सासूबाईंना पांढरी एकेरी प्रिय होती. श्रावणी सोमवारी पहाटे परडीभर फुलं घेऊन त्या तळ्यातल्या सिद्धेश्वराला जायच्या. दुहेरी गुलाबी कण्हेर भरगच्च दिसते, तिच्यापुढं सगळे थबकतात. मला मात्र एकेरी फुलाचंच कौतुक. पाच पाकळ्या एकाच दिशेला किंचित पिळलेल्या, आणि गळ्याशी झालर. आत डोकावलं तर पुंकेसरांची टोकं लांब, लवदार धाग्यांसारखी वर येऊन एकमेकांत गुंतलेली असतात. एवढा थाट, पण फुलात मध नाही. मधाच्या आशेनं एखादी माशी येते, आत शिरून बघते, रिकामी परत जाते. तेवढ्यात परागाचं काम झालं तर झालं. म्हणून कण्हेरीला शेंगा तुरळकच लागतात. लागल्या तर लांब, जोडीनं, आणि तडकल्या की आतून तपकिरी लव असलेलं बी वाऱ्यावर उडतं. पिवळी फुलं नि हिरवी टपोरी फळं येतात ती बिट्टी. तिला पिवळी कण्हेर म्हणतात, पण ते झाड वेगळं, अमेरिकेकडून आलेलं. लहानपणी बिट्ट्यांनी खेळलेले आपण सगळे आहोत, पण तीही तितकीच विषारी.

विषाचा विषय निघालाच आहे. मी कण्हेर लावली तेव्हा शेजारच्या तेलुगू अक्का फाटकात उभ्या राहून म्हणाल्या होत्या, ‘काय ओ बाई, शिकलेल्या तुम्ही, आणि दारात गन्नेरु लावलाव? विष आहे की ओ ते!’ अक्कांचं बरोबर होतं. पान, फूल, साल, मूळ, बी, सगळं विषारी. त्यातलं ओलिअँड्रिन थेट हृदयावर काम करतं. आधी उलट्या, पोटात कळा, मग नाडी मंद आणि अनियमित. वाळलं म्हणून विष जात नाही, जाळलं तर धूरही घातक. फुलदाणीत कण्हेर ठेवली तर ते पाणीही टाकून द्यायचं, मांजराच्या तोंडाशी ठेवायचं नाही. कुणी पान-फूल चावून गिळलंच, तर मीठ-पाणी पाजत बसायचं नाही, वैद्यकीय प्रयोग घरी करायचे नाहीत. तडक दवाखाना गाठायचा आणि झाडाची डहाळी बरोबर न्यायची, म्हणजे डॉक्टरांना काय खाल्लं ते कळतं.

हे सगळं माहीत असून मी ती लावली, आणि अजूनही लावा म्हणते. गावभर रस्त्याकडेला, देवळात, शाळांच्या कुंपणाला कण्हेर आहेच. आपल्या दारातली तोडली म्हणून मुलं तिच्यापासून लांब राहत नाहीत. ज्या मुलाला घरच्या झाडाची ओळख करून दिलेली असते ते बाहेर भेटलेल्या झाडालाही ओळखतं. नातू रांगता होता तोवर मी खालच्या फांद्या कमरेपर्यंत उतरवून ठेवल्या होत्या आणि पडलेली फुलं सकाळ-संध्याकाळ झाडून घ्यायची. बोलायला लागल्यावर त्याला झाडापाशी नेऊन सांगितलं: बघायचं, तोंडात घालायचं नाही, हात लावला तर साबणानं धुवायचा. आता तो पाहुण्यांच्या पोरांना सांगतो. तरी ज्या घरात सगळं तोंडात घालणारं मूल आहे आणि लक्ष ठेवायला कुणी नाही, तिथं दोन-तीन वर्षं थांबा. झाड कुठं पळून जात नाही.

मला मुलांपेक्षा जास्त धास्ती वाटते ती गाईगुरांची, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. झाडावरचं हिरवं पान जनावर सहसा खात नाही, कडू लागतं. दुभाजकातली कण्हेर शेळ्यांच्या गावातही शाबूत असते ती त्यामुळंच. पण निर्माल्य? सकाळी देवापुढची कालची फुलं काढायची, त्यात पालेभाजीची देठं, केळीची सालं मिसळायची आणि फाटकात आलेल्या गाईपुढं ठेवायची, हे आपल्याकडे घरोघरी चालतं, आणि पुण्याचं म्हणून चालतं. त्यात कण्हेरीची फुलं-पानं मिसळली तर गाय निवडून बाजूला काढत नाही. वाळलेली पानं कडब्यात गेली तरी तेच. थोडी पानंही जनावराला पुरतात. त्यामुळं कण्हेर वाहणाऱ्या प्रत्येक घराला माझं हात जोडून सांगणं आहे: कण्हेरीचं निर्माल्य वेगळं ठेवा. मी परसात एक खड्डा ठेवला आहे, तिची फुलं तिथंच जातात. छाटलेल्या फांद्या पोत्यात घट्ट बांधून घंटागाडीत देते आणि आत कण्हेर आहे हे सांगून देते. उघड्यावर टाकत नाही, पेटवत नाही, आणि कुणी चुलीसाठी मागितल्या तर देत नाही. छाटताना हातमोजे घालते, कारण चीक लागून कातडीला आग होते.

आता कीड, म्हणजे माझ्या आवडीचा विषय. पावसाळ्याच्या तोंडाशी कोवळ्या शेंड्यांवर भडक पिवळा मावा दाटतो, पाय काळे, एकाला एक चिकटून बसलेला. झाडाचं विष तो स्वतःच्या अंगात साठवतो. फवारणी करायची गरज नाही. नळीनं पाण्याचा जोरदार झोत मारला की बराचसा गळून जातो, उरलेल्याचं काम ढालकिडे करतात. एकदोन शेंडे फारच भरले असतील तर तेवढे खुडून टाकावेत.

श्रावणात पानं कुरतडलेली दिसली तर औषध आणायला पळू नका, आधी पान उलटा. तिथं एखादी अळी सापडेल, अंगावर तपकिरी नि पांढरे आडवे पट्टे, कडेनं नारिंगी रेघ, आणि पुढं-मागं लांब काळ्या मिशांसारखे धागे. ती कॉमन क्रो या फुलपाखराची. काळसर तपकिरी, कडेला पांढऱ्या ठिपक्यांचं, सावकाश उडणारं; बेचव असल्यामुळं पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. आमच्या झाडावर पोसलेली अळी मी रोज बघते. एक दिवस ती खायची थांबते, पानाच्या खाली उलटी लटकते, आणि दुसऱ्या दिवशी तिथं कोष असतो. हा कोष एकदा तरी प्रत्येकानं बघावा. बोटाच्या पेराएवढा, आणि सोन्याचा पत्रा ठोकून चकाकी आणावी असा. त्यात आपला चेहरा दिसतो, मागचं फाटक दिसतं. पुढं तो रुपेरी होत जातो आणि आठ-दहा दिवसांत काळवंडतो; मग पंख आतून दिसायला लागतात. ज्या दिवशी काळा पडेल त्याच्या दुसऱ्या सकाळी लवकर उठून बघायचं. अक्कांना मी असाच एक कोष दाखवला होता. त्यांनी सगळ्या सुनांना बोलावून आणलं.

दुसरी अळी हिरवी, चांगली बोटाएवढी जाड, डोक्यामागं दोन निळे-पांढरे डोळ्यांसारखे ठिपके आणि शेपटीला शिंग. हात लावला की मान आत घेते आणि ते ठिपके मोठे दिसतात. नवखा माणूस दचकतो. ती चावत नाही, डंख मारत नाही. तिचा पतंग होतो तो हिरव्या-गुलाबी नक्षीचा, पानांत बसला तर शोधून सापडत नाही. ही सदाफुलीवर आणि तगरीवरही येते. दोन-चार अळ्यांनी पानं खाल्ली म्हणून मोठी कण्हेर मरत नाही, पंधरा दिवसांत पुन्हा फुटते. रोप अगदी लहान असेल तर अळी काठीवर घेऊन मोठ्या झाडावर सोडावी. माझ्या अंगणात या अळ्यांना मारायची मुभा कुणालाच नाही, माळीमामांनाही नाही.

कण्हेर विकत घ्यायलाच हवी असं नाही. मृगाचा पाऊस झाला की पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब फांदी घ्या, खालची पानं काढा आणि पाण्याच्या बाटलीत सावलीत ठेवा, नाहीतर सरळ ओल्या वाळूत खोचा. तीन-चार आठवड्यांत पांढरी मुळं दिसतात. बाटलीचं पाणी दर दोन दिवसांनी बदला आणि बाटली पोरांच्या हाती लागणार नाही अशी उंच ठेवा.

दरवर्षी मी थोडी कलमं करून ठेवते, पांढरी एकेरी जास्त. गल्लीतले, शाळेतले जुने विद्यार्थी, कुणीही मागितलं तर देते. देण्याआधी विचारते, घरी गाय-शेळी आहे का, निर्माल्य कुठं टाकता, आणि जिथं लावणार तिथं ऊन किती वेळ असतं. पाच-सहा तास असेल तर कलम त्यांचं. कमी असेल तर त्यांना तगर देते, तीही माझ्याकडे आहे.